सावडीतला पुरा हात

भात पिवळं पडायला लागलं की आमच्या कंपनीतले फिटर, वेल्डर, फोर्कलिफ्टवाले सगळे पुन्हा शेतकरी होतात. एरवी बाराही महिने जाड बूट घालून मशीनच्या आवाजावर ओरडत बोलणारी माणसं चहाच्या सुट्टीत हळव्या-गरव्याच्या गोष्टी काढतात. हळवं म्हणजे लवकर हाताशी येणारं भात, गरवं म्हणजे मागाहूनचं. कुणाचं हळवं कापून झालं, कुणाच्या गरव्याला अजून ओल आहे, कुणाच्या शेतात डुकरं शिरली. आसनगावच्या पुढे हायवेला लागून आमची कंपनी, आणि निम्मी माणसं शहापूर-मुरबाडच्या गावांतली. त्यामुळे कापणीची रजा ही इथे ठरलेली गोष्ट आहे. ती कुठल्या नियमात लिहिलेली नाही, पण ती नाकारायची कुणाची छाती होत नाही. नाकारली तरी माणूस येणार नाही, हे वरच्या साहेबांनाही ठाऊक असतं.

परवा प्रतीक माझ्यापुढे येऊन उभा राहिला. माझ्याच शिफ्टमधला पोरगा, पॅकिंगला असतो, कामाला चोख आणि बोलायला लाजाळू. हातातलं फडकं उगाच पिळत म्हणाला, "सर, कापणीला रजा पायजे व्हती. सोमवारपासून."

मी आता शिफ्ट इनचार्ज आहे, रजेचं पहिलं बोलणं माझ्याशीच होतं. एरवी मी "घे" म्हणून मोकळा होतो. पण प्रतीकच्या घरचं शेवटचं शेत नव्या महामार्गात गेलंय. त्याचा आजा जिथे चिखलात पाय रोवून भाताच्या रोपांचं आवण लावायचा तिथून आता गाड्या सुसाट जातात. प्रतीककडे अंगणातल्या गवताशिवाय कापायला काही उरलेलं नाही. आणि दसऱ्याच्या सुमारास त्याला मुलगा झालाय, त्याचे पेढे मीही खाल्लेत. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं आलेलं, शर्टाच्या खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग. तो डाग मी ओळखतो.

"उद्या सांगतो," मी म्हणालो. तो मान हलवून गेला.

मला त्याचा राग आला नाही. हसूही आलं नाही. आमच्याकडे बाप्या माणसाने भातासाठी रजा मागितली तर त्याला शेतीची चाड आहे म्हणतात, बैलासाठी मागितली तरी चालते, भावकीतल्या मयताला तर विचारावंही लागत नाही. स्वतःच्या तान्ह्या पोरासाठी मागायची म्हटलं की मात्र जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून त्या पोराने बिचाऱ्याने नसलेलं शेत पुढे केलं होतं.

त्या संध्याकाळी गाडीवरून घरी येताना रस्त्याच्या दोन्ही अंगाला कापणी चालली होती. कापलेल्या भाताला एक वास असतो, ओलसर, थोडा गोड, थोडा धुळकट. सकाळी दहिवर पडलेलं असताना तो जमिनीलगत असतो आणि ऊन तापलं की वर उठतो. तो वास आला की मला भूक लागते, खांदे दुखल्यासारखे वाटतात आणि कडेवर काहीतरी असायला हवं होतं असं वाटत राहतं. पहिल्या दोन गोष्टी इथे जन्मलेल्या कुणालाही होत असतील. तिसरी माझी एकट्याची आहे, आणि ती एकाच हंगामाची देणगी आहे.

माझी मुलगी मित्रा तेव्हा सहा महिन्यांची होती. बुद्धपौर्णिमेच्या आगेमागे, पत्रे तापलेले असताना जन्मलेली. सगळा पावसाळा तिने आईच्या कुशीत काढला. माझी बायको सुजाता मुरबाडच्या बाजूला एका आरोग्यकेंद्रात रक्त तपासायची. लॅब टेक्निशियन. गावातले लोक म्हणायचे, "ती रगत बघणारी बाय." नोकरी कंत्राटी. त्या नोकरीसाठी लग्नाआधी ती रोज कल्याणला जाऊन शिकली होती आणि शिकत असताना घरच्यांचे टोमणे तिने भाकरीबरोबर खाल्ले होते. पाऊस सरला की तापाचे दिवस सुरू होतात. शेतात गुडघाभर पाण्यात राबलेली माणसं थंडी वाजून येऊन रांगेत बसतात, आणि त्यांच्या बोटातला थेंब काचेवर घेणारं माणूस त्या केंद्रात एकच. दिवाळी झाली, बाळंतपणाची रजा संपली. रुजू झाली नाही तर जागा दुसऱ्या कुणाला देऊ, असं तिला सरळ सांगण्यात आलं होतं.

कुणी म्हणेल, घरात आजी नव्हती का? होती की. एक सोडून दोन होत्या. पण आमच्याकडची आजी कार्तिकात घरी सापडत नाही. माझी आई म्हणजे आळीतला सगळ्यात चालता विळा; ती ओळीला बसली की बाकीच्या बायका घाईला येतात. सासूबाईंचं मुरबाडकडे स्वतःचं गरवं उभं. उभं भात पाऊस-वाऱ्याने आडवं झालं की वर्षाचा घास मातीत जातो, त्यामुळे त्या दिवसांत कुणी कुणाला "घरी बस" म्हणत नाही. मग सगळ्यांच्या तोंडी एकच तोडगा आला. आई सुजाताला म्हणाली, "एक हंगाम थांब गो. नोकरी काय, परत लागंल."

सुजाता भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "आई, भात दरवर्षी येतं. ही जागा दरवर्षी येत नाय."

तिचा आवाज चढला नव्हता. पण त्या रात्रीच्या जेवणाला ती नीट जेवली नाही, आणि मित्राला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मला तेव्हा जे वाटलं ते सांगायला हवं. मला भीती वाटली. ही बाई आज गप्प बसली तर जन्मभर माझ्याशी गोड बोलेल, पण आतून कायमची गप्प होईल, अशी भीती. मी म्हणालो, "मी राहतो घरी. मित्राला मी बघतो."

बाबांनी ताटातून मान वर केली. "आन कापणी?"

"रजा कापणीचीच आहे बाबा. फक्त यंदा तिच्यासाठी घेतो."

बाबांनी ताटात पाणी ओतलं आणि उठले. आमच्या घरात हे भांडणच असतं, आवाज नसलेलं.

कंपनीत सोपं जाईल असं मला वाटलं होतं. वर्षभराची रजा मी कापणीसाठीच राखून ठेवायचो, सगळेच ठेवतात. मॅनेजरसाहेब शहरातले, पण इतकी वर्षं इथे काढल्यावर तेही भाताच्या भाषेत बोलायला शिकले होते. मी दारात उभा राहिलो तशी हसले. "आली वाटतं कापणी? घे, घे. जाताना घरचे पोहे आण."

"कापणीला नको, साहेब. मुलीला सांभाळायला पाहिजे."

त्यांना वाटलं मुलगी आजारी आहे. नाही म्हटल्यावर वाटलं बायको आजारी आहे. तेही नाही म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला. "मग घरात बाईमाणूस नाही का?"

"आहे ना. तीच कामावर चाललीय."

ते खरंच वाईट माणूस नव्हते. जरा वेळ विचार करून समजुतीने म्हणाले, "असं कर. कापणीच सांग. मलाही वर सांगायला बरं पडतं."

आता हो म्हणणं किती सोपं होतं! कामाचे दिवस तेच, रजा तीच, फक्त एक शब्द बदलायचा. पण मला त्या क्षणी सुजाता दिसली, पिठाच्या हाताने "दरवर्षी येत नाय" म्हणणारी. ती जर खरं कारण सांगून कामावर जाणार असेल, तर मी खोटं कारण सांगून घरी का राहायचं? मित्राने मोठं होऊन विचारलं, बाबा तुम्ही माझ्यासाठी घरी राहिलात ना, तर काय सांगू, की कंपनीला मी तुझं नाव भात असं सांगितलं होतं? म्हणालो, "साहेब, मुलीला सांभाळायला. वर पण तसंच सांगा."

रजा मिळाली. ती बातमी माझ्या आधी गावात पोचली.

त्या दिवसांतलं आज आठवतं ते असं, तुकड्यातुकड्याने. सकाळी सुजाता दूध काढून झाकून ठेवायची आणि एसटी गाठायला धावायची. बाटली नको, वाटी-चमचा, असं तिचं फर्मान होतं, आरोग्यकेंद्रातलं ज्ञान. चमचा ओठांना लावला की मित्रा जीभ बाहेर काढून तो चाटायची आणि निम्मं दूध माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत जायचं. खिमट मी तीनदा करपवलं. तांदूळ आणि डाळ भाजून, भरडून, पातळ शिजवायचं, एवढंच असतं ते. पण हलवणं थांबलं की तळाला धरतं, आणि हलवणं थांबवायचंच असं पोरीने ठरवलेलं असतं. नाचणीचं सत्व मात्र मला जमलं. ते करताना मशीनमध्ये ग्रीस सोडताना येतं तसं समाधान यायचं.

आणि लंगोट. मी लंगोट धुवायचो आणि पुढच्या अंगणातल्या दोरीवर वाळत घालायचो. आमच्या घरासमोरून शेताला जायची वाट. विळे घेऊन जाणारी माणसं दोरीकडे बघायची, मग माझ्याकडे, मग एकमेकांकडे. बाबा एकदा हळूच म्हणाले, "मागल्या दोरीवर घाल ना रे."

"मागं ऊन येत नाय, बाबा."

"येतंय थोडं."

"थोड्यात वाळत नाय."

मग हंगामभर ते लंगोट पुढच्याच दोरीवर वाळले. तसा मी भांडखोर नाही, पण एकदा माझं डोकं बसलं की बसलं. आई म्हणते हा गुण मी बाबांकडूनच घेतलाय, आणि त्यावर बाबा गप्प बसतात.

येणारे-जाणारे कौतुकही करायचे. "सुनील बायकोला मदत करतंय हो!" हा शब्द माझ्या डोक्यात जायचा. आमच्या आळीत कुणी शेताला मदत करायला जात नाही. शेत करायला जातात. आपलंच असतं, करायचंच असतं, त्यात उपकार कसला? मग माझ्याच पोरीच्या बाबतीत मी मदतनीस कसा झालो? पण हे मी कुणाला बोललो नाही. चमचा-वाटी हातात असताना माणूस वाद घालू शकत नाही, हेही मी त्या हंगामात शिकलो.

खरी अडचण निघाली ती सावडीत. मजूर परवडत नाहीत आणि मिळतही नाहीत, म्हणून आमच्याकडे अजून सावड चालते. आज सगळ्यांनी मिळून तुझं शेत कापायचं, उद्या माझं. कुणाच्या घरून किती हात येणार ते विहाराच्या ओट्यावर बसून ठरतं. दिलेला हात फिरवायचा नाही, तेवढीच त्याची अट. बाबांनी नेहमीप्रमाणे घरचे तीन हात सांगून ठेवले होते: आई, ते आणि मी. आता मी घरी पोर घेऊन बसलेला. तिसरा हात कुठून आणायचा? बाबांच्या जन्मात त्यांचा शब्द सावडीत कधी मागे गेला नव्हता. त्यांना त्या दिवसांत माझी लाज वाटत असेल तर ती मला समजत होती. आणि तरी मी मित्राला खाली ठेवून विळा घेणार नव्हतो, कारण खाली ठेवायला कुणाच्या मांडीवर जागाच नव्हती.

पहिला दिवस जनाआत्याच्या शेताचा होता. जनाआत्या बाबांची चुलतबहीण, तरुणपणीच नवरा गेलेला, दोन मुलं एकटीने वाढवलेली, आणि तिच्या तोंडाला सगळी आळी वचकून. सकाळी घरात बसून मला राहवेना. मी मित्राला कडेवर घेतलं, सत्वाचा डबा घेतला, सुजाताचं एक जुनं लुगडं घेतलं आणि शेतावर गेलो. बांधावरच्या ऐनाच्या झाडाला आधीच तीन झोळ्या लोंबत होत्या. आळीत त्या वर्षी लेकुरवाळ्या बऱ्याच. मी चौथी बांधली.

झोळी मी लहानपणापासून बघतोय, पण त्या दिवसापर्यंत कधी तिच्याजवळ बसलो नव्हतो. बाप्ये झोळीच्या खालून विळा घेऊन जातात, फार तर जाताना एक झोका देतात. तिथे बसल्यावर कळलं की एक पोर रडलं की बाकीची त्याच्या सुरात सूर मिसळतात. ओळीतली एक पोरगी विळा टाकून उठायला लागली. मी म्हणालो, "तू काप. मी बघतो. अंगावरच पाजायचं असलं तर हाक मारीन." तिला पटेना. ती अर्धवट उठून तशीच राहिली. मी झोळीतून तिचं पोर काढून खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली, त्याने ढेकर दिला आणि गप्प झालं. तशी ती खाली बसली. मग दिवसभर मी दोन हातांनी दोन झोळ्या आणि एका पायाने तिसरी हलवत राहिलो. चौथी मित्राची. पण मित्रा माझ्या मांडीवर. मुंग्या झाडायच्या, ऊन सरकलं की झोळ्या सरकवायच्या, कुणाला पाजायला न्यायचं, कुणाला आणायचं. शिफ्टमध्ये मी इतका कधी दमलो नव्हतो.

दुपारी भाकरी सोडायला सगळे झाडाखाली आले तेव्हा शेत बरंचसं कापून झालं होतं. एरवी एवढं व्हायला दिवस मावळतो. सुकटीची चटणी वाढता वाढता हातांचा हिशेब निघाला, आणि कुणी काही म्हणायच्या आत बाबाच बोलले.

"माज्या घरचा एक हात कमी हाय. तो मी मागून भरून दीन."

इतकी माणसं बसलेली, आणि बाबांनी खाली मान घालून ते कबूल केलं. मला स्वतःसाठी नाही, त्यांच्यासाठी वाईट वाटलं. दुसरा एक जण समजुतीने म्हणाला, "राहू दे रे. पोर सांभालणं म्हंजे काय हात धरायचा का?"

जनाआत्या भाकरीचा तुकडा हातात धरून थांबली. "का नाय धरायचा?"

"अगो, त्यानं विळा तरी लावला काय?"

"ऐका," ती म्हणाली. "माजी दोन्ही पोरं ह्याच झाडाखाली वाढली. तवा सावडीत माजा अर्धा हात धरलाव तुमी. लेकुरवाळी म्हंजे अर्धा हात. मी काय अर्धी कापत व्हते? कापत पुरीच व्हते, पन सारखं उठावं लागत व्हतं. बरं, नियम तो नियम. मी तवा बोलले नाय." तिने झोळ्यांकडे तुकड्याने बोट दाखवलं. "आज ह्या तिघी पोरी उठल्या काय? पाजायला गेल्या, तेवढंच. मंग त्यांचे हात पुरे धरा. आन ते पुरे ज्याच्यामुलं झाले, त्याचा बी पुरा धरा. नायतर माज्या शेतात उद्यापासून कुणी येव नका."

सगळ्यांच्या मनात तो हिशेब फिरत असावा, कारण तो चुकत नव्हता. कापलेलं शेत डोळ्यांपुढे पडलं होतं. बाबा पाणी प्यायले, उठले आणि विळ्याला धार लावत बसले. पण त्या संध्याकाळी ओट्यावर पुढच्या दिवसांचं ठरताना आमच्या घरचे तीन हात धरले गेले. त्या तीन पोरींचेही पुरे. पुढे तर माणसं सांगून जायला लागली, "उद्या सुन्याला लवकर पाठवा, झोळ्या बांधायच्या हायत." त्या बोलण्यात कौतुकही नसायचं आणि चेष्टाही नसायची. कामाच्या माणसाला सांगतात तसं सांगायचे. मला त्या हंगामात मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट ती.

सगळं गोडच होतं असं नाही. एके दिवशी सुजाता एसटीतून उतरली ती घरी न जाता तडक शेतावर आली. दिवसभर लोकांची बोटं टोचून दमलेली, केस विस्कटलेले, पण चालण्यात घाई. तिने लांबूनच हात पुढे केले. मित्राने तिच्याकडे बघितलं आणि माझ्या मानेत तोंड लपवलं. पोरगी घटकाभरच लपली, मग दुधाच्या वासाने आपणहून गेली. पण ती घटका सुजाताच्या तोंडावर उतरलेली मी पाहिली. घरी येताना वाटेत ती रडली. "मी कुणासाठी एवढं करतेय?" म्हणाली. आणि खरं सांगायचं तर पोर मला बिलगली तेव्हा मला आतून आनंद झाला होता, आणि त्या आनंदाचं मला सुजातापुढे ओशाळंही वाटलं. तिचा हात धरला तर वाटेवर माणसं. म्हणून नुसता तिच्या बाजूने चालत राहिलो. थोड्या वेळाने ती डोळे पुसून म्हणाली, "आज दोघांचं मलेरियाचं निघालं. वेळेत सापडले." मी म्हणालो, "मग?" ती म्हणाली, "मग काय? उद्या जायचंय." एवढंच बोलणं. पण त्या "उद्या जायचंय"वर आमचा संसार आजवर चाललाय.

रजा संपून मी कंपनीत गेलो तेव्हा माझा नंबर असलेली शिफ्ट इनचार्जची जागा भरली होती. माझ्या मागून लागलेल्या माणसाला ती मिळाली. तोंडावर कुणी कारण सांगितलं नाही. जेवणाच्या टेबलावर मात्र कुणीतरी म्हणालं, "ह्याचं लक्ष आता घुगऱ्या-खुळखुळ्यांत हाय." सगळे हसले. मला लागलं, चांगलंच लागलं. पुढची काही वर्षं मी त्याच मशीनवर काढली. जागा उशिरा मिळाली, पण मिळाली. सुजाताची नोकरी टिकली. आता ती शहापूरला मोठ्या दवाखान्यात आहे, तिच्या हाताखाली दोघंजण शिकतात. दोन्ही पारडी तोलायला मी कधी बसलो नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. पण आमच्या घरात त्या हंगामात काही जळालं नाही, हेच मला कळतं.

सरकारी खात्यात कुठे कुठे बापालाही रजा असते म्हणे. आमच्या कंपनीच्या नियमांत आई आहे, बापाचा शब्द नाही. शब्द येईल तेव्हा येईल. आमच्या कापणीच्या रजेला तरी कुठे शब्द होता? माणसं वर्षानुवर्षं तोंडाने मागत राहिली, मागायला लाजली नाहीत, म्हणून ती झाली. नाव घेऊन मागितल्याशिवाय कुठलीच रजा रजा होत नाही, असं माझं मत आहे, आणि माझं डोकं एकदा बसलं की बसलं.

तर परवा प्रतीकला "उद्या सांगतो" म्हणून मी घरी आलो. अंगणात बाबा बसले होते. गुडघ्यांनी त्यांचं ओळीला बसणं बंद केलंय. चौथीतली मित्रा त्यांच्यापुढे लुगड्याचं एक टोक धरून उभी होती आणि ते दुसऱ्या टोकाला पीळ देऊन गाठ मारून बघत होते.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"आजोबांची सावड," मित्रा म्हणाली. "उद्या त्यांना झोळ्यांवर जायचंय."

"अरे, गेल्या साली तो भिकाजीचा पोरगा म्हनला, म्हाताऱ्याचा अर्धाच धरा," बाबा गाठ आवळत म्हणाले. "मी म्हनलं, तुझ्या बापाला इचार. पोरांकडं बसनाऱ्याचा पुरा हात असतोय. आपल्याकडचा नियमच हाय तो."

नियमच हाय! मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं, आठवण झाल्याची खूणही नव्हती. त्यांना ते खरोखरच पूर्वीपासूनचं वाटत होतं. मी काही आठवण करून दिली नाही. मित्राने सोडलेलं टोक मी धरलं आणि जोराने ओढून बघितलं. गाठ पक्की होती.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू झाल्यावर मी प्रतीकच्या लाइनवर गेलो. मशीन जोरात चालू होतं. त्याने मला बघून हातातलं काम थांबवलं.

"कुठली कापणी रे?" मी विचारलं.

त्याचं तोंड उतरलं. "मामांची... सावडीत..." तो पुटपुटला.

"प्रतीक, रजा मी देणारच आहे. पण खरं कारण सांग."

तो इकडेतिकडे बघायला लागला. मग खाली बघत काहीतरी बोलला. ओठ हललेले दिसले, ऐकू काही आलं नाही.

"मशीन चालू हाय!" मी ओरडलो. "मोठ्यानं बोल!"

त्याने एकदा खांद्यावरच्या डागावर हात फिरवला आणि मान वर केली.

"पोराला सांभालायला पायजे, सर!"

पलीकडच्या लाइनवरच्या माणसांच्या माना वळल्या. कुणीतरी हसलं. प्रतीकचे कान लाल झाले, पण मान खाली गेली नाही.

"सोमवारपासून ना?" मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं. "घे."

"वर काय सांगाल, सर?"

"तू सांगितलंस तेच."

तो वळून मशीनकडे गेला. मी दोन पावलं चाललो असेन, तोच मघाशी हसलेला माणूस हात पुसत माझ्या मागोमाग आला. त्याची बायको सातव्या महिन्यात आहे, हे मला ठाऊक होतं. जवळ येऊन तो काहीतरी पुटपुटला.

मी कानाला हात लावला. "मोठ्यानं!"